उंची सांगणारी डबी

आमच्या वाड्याच्या ओसरीत एक देवळी आहे. आजीच्या काळी तिच्यात तिन्हीसांजेचा दिवा असे. पुढे गावात वीज आली, आणि देवळीत पंचांग, चष्म्याचे घर, दात तुटलेली फणी अशी घरातली निराश्रित मंडळी येऊन राहू लागली. गेल्या दिवाळीपासून तिच्यात एक काळी, गोल, मुठीपेक्षा थोडी मोठी वस्तू आहे. दिसायला घड्याळासारखी. काच आहे, तबकडी आहे, काटे आहेत. पण वेळ मात्र ती सांगत नाही. आमच्या शेजारचे आबा पहिल्या दिवशी तिच्यासमोर बराच वेळ उकिडवे बसले आणि अखेर म्हणाले, "गुरुजी, हे घड्याळ बंद पडलंय जणू. कवाधरनं बघतोय, काटा हालंना."

काटा हलत नव्हता हे खरे. पण यंत्र बंद नव्हते. ते त्या वेळी युसूफ वडगाव समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते सांगत होते, आणि गाव काही जागचे हलत नव्हते. निदान सकाळी तरी नव्हते. दुपारी काय झाले ते पुढे येईलच.

ही वस्तू म्हणजे ग्लायडरमधला उंचीमापक, अल्टिमीटर. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यातल्या एका गावी ग्लायडरचा उंचीमापक कशासाठी आला, असे वाचक विचारतील. आमच्या आकाशातून जाणारी विमाने दूर कुठल्यातरी शहराला निघालेली असतात. आमच्या वाट्याला त्यांची पांढरी रेघ तेवढी येते. पण ग्लायडर म्हणजे काय हे आमच्या गावात समजावून सांगणे फारसे कठीण नाही. चैत्र-वैशाखात काळ्या रानातून तापलेली हवा वर उठू लागली की घारी तिच्यावर पंख पसरून गोल गोल फिरत वर चढतात. पंख एकदाही हलवीत नाहीत. ग्लायडर नेमके तेच करते. त्याला इंजिन नसते. दोराने ओढून किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून त्याला वर नेऊन सोडतात, आणि मग वर उठणारी हवा शोधणे हे चालवणाऱ्याचे काम. हवा सापडली तर तासन्‌तास वर, न सापडली तर दहा मिनिटांत खाली.

माझी पुतणी हे काम करते. पुण्यात शिकत असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ती शिकली. हे केंद्र सरकारच्या नागरी विमान खात्याने १९५० साली सुरू केले. त्याच खात्याने त्यानंतरच्या वर्षांत स्वदेशी ग्लायडरे तयार करविली, आणि त्यांना नावे दिली ती अशी : १९५८ साली 'अश्विनी', १९६१ साली 'रोहिणी', १९६३ साली 'कार्तिक', मग 'भरणी', आणि १९७० च्या सुमारास 'मृगशीर'. सरकारी खात्यांत सहसा न आढळणारी रसिकता ज्या कोणाच्या अंगी होती, त्याला माझा नमस्कार. यंत्राला क्रमांक देणे सोपे असते. नक्षत्र देणाऱ्याने निदान एकदा तरी मान वर करून पाहिलेले असले पाहिजे. 'रोहिणी'त गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. पुतणीने मला पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "म्हणजे गुरूला शिष्याचा चेहरा दिसतो, हे बरे आहे." ती म्हणाली, "काका, शिष्यालाही गुरूचा दिसतो. तेच कधीकधी बरे नसते."

पुढे ती नोकरीनिमित्त जर्मनीला गेली. ग्लायडरच्या वेडाला याहून योग्य देश नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने घातली, तेव्हा तिथल्या तरुणांनी इंजिनावाचून उडण्याचा छंद धरला आणि १९२० पासून ऱ्होनच्या डोंगरावर त्याच्या स्पर्धा भरवल्या. आता तिथे गावोगावी क्लब आहेत. तशाच एका छोट्या क्लबात ती सुटीच्या दिवशी उडते आणि हिवाळ्यात, उडणे बंद असते तेव्हा, बाकीच्यांबरोबर बसून ग्लायडरे घासते-पुसते, दुरुस्त करते.

गेल्या दिवाळीला ती आली ती हा उंचीमापक पिशवीत घालून. क्लबाच्या दोघांच्या ग्लायडरमधला, पुढच्या बैठकीचा. तपासणीत तो नापास झाला होता. दुरुस्तीचा खर्च नव्यापेक्षा कमी येणार नव्हता. आता त्या जागी नवा, पण तसाच काट्यांचा बसवावा, की आकडे दाखवणारा डिजिटल बसवावा, यावर क्लबात दोन तट पडले होते, आणि निवड करण्याचे काम हिच्या गळ्यात आले होते. जुना टाकून देणार होते. तो ती माझ्यासाठी घेऊन आली. "काका, तुम्ही जन्मभर वायुभारमापक शिकवलात. सांगा, कोणता घेऊ?"

तिच्या गळ्यात हे काम का आले, ते मात्र तिने दुसऱ्या दिवशी, वहिनी आत करंज्या तळत असताना, हळू आवाजात सांगितले. त्यानंतर ते तिने वहिनींनाही सांगितले आहे, म्हणूनच मी इथे लिहीत आहे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती एकटी निघाली. तीन तास उत्तम हवा मिळाली. मग ढग पसरले, ऊन गेले आणि हवा मेली. घरचे मैदान लांब राहिले. अशा वेळी खालचे एखादे मोकळे शेत निवडून त्यात उतरायचे असते. त्यात अपमान नाही, सगळेच उतरतात. तिने गवत कापलेले एक शेत निवडले. उंचीमापक तीनशे मीटर दाखवीत होता. तीनशे मीटर म्हणजे शेताभोवती सावकाश एक फेरी घालून, तारा-झाडे नीट पाहून उतरण्याइतकी उंची. तिने फेरी सुरू केली. "आणि काका, झाडं मोठी दिसायला लागली. असायला हवी होती त्यापेक्षा मोठी. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा मला दिसला."

निघताना तिने रिवाजाप्रमाणे घरच्या मैदानावर काटा शून्यावर लावला होता. घरचे मैदान दरीत होते. हे शेत पठारावर होते, मैदानापेक्षा दीडशे मीटर उंच. काटा तीनशे म्हणत होता ते बरोबरच होते. फक्त त्या तीनशेपैकी दीडशे मीटर जमिनीने खाऊन टाकले होते. तिने फेरी सोडली, तशीच वळली आणि शेतात उतरली. एक दणका बसला, एवढेच. त्या दिवसापासून क्लबात उंचीमापकाचा विषय निघाला की सगळे तिच्याकडे पाहतात.

मी गप्प बसलो. मग उठून कपाटातून जुन्या वह्या काढल्या. मास्तरांना संकटात दुसरे काही सुचत नाही.

या यंत्राविषयीची पहिली गोष्ट अशी, की ते उंची मोजतच नाही. त्याला उंची कळत नाही, जमीनही कळत नाही. त्याला फक्त आपल्या डोक्यावर किती हवा उरली आहे ते कळते. आपण हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो, ही कल्पना इटलीतल्या टॉरिचेलीने १६४४ साली एका पत्रात मांडली. पाऱ्याची नळी उलटी करून त्याने या समुद्राचे वजन दाखवले. तळ सोडून वर गेले तर वजन कमी भरायला हवे. फ्रान्समधल्या पास्कालच्या मनात हे आले, पण त्याची प्रकृती तोळामासा. म्हणून त्याने आपल्या मेव्हण्याला, पेरियेला, डोंगर चढायला लावले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम नावाच्या डोंगरावर गेला. आपल्याकडे शिवाजीमहाराज तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि सह्याद्रीच्या उंचीचा अगदी वेगळा उपयोग करीत होते. डोंगरमाथ्यावर पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून अधिक खाली उतरला.

शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते. पण पेरियेने आणखी एक गोष्ट केली होती, आणि मला ती पाऱ्याच्या उतरण्याहूनही मोलाची वाटते. निघण्यापूर्वी त्याने तशीच दुसरी नळी गावातल्या मठाच्या बागेत उभी केली आणि एका साधूला तिच्यासमोर दिवसभर बसवले. वर पारा उतरला तो डोंगरामुळे की त्या दिवशी हवाच बदलली म्हणून, हे खाली कोणी पाहत बसल्याशिवाय कळणार कसे? साधूने दिवसभर पाहिले. त्याची नळी हलली नाही. उंची मोजायला निघालेला माणूस आणि खाली लक्ष ठेवून बसलेला माणूस, असे दोघे मिळून हे यंत्र पूर्ण होते. माझ्या पुतणीच्या त्या शेतात हा दुसरा माणूस नव्हता.

आता दख्खनकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनी, १८२४ साली, मुंबई सरकारने कर्नल सायक्स नावाच्या लष्करी गृहस्थाला आपल्या मुलखाची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. विल्यम हेन्री सायक्स हा विलक्षण माणूस होता. पिके, पाऊस, मासे, पक्षी, खेड्यांतली माणसे, सगळ्यांची त्याने नोंद केली. आपल्या माळावरच्या तुरेवाल्या तांबूस चंडोलाला आजही पक्षिशास्त्रज्ञ 'सायक्सचा चंडोल' म्हणतात. राज्य घेणाऱ्यांच्या या मोजमापाच्या हौसेमागे महसुलाचा हिशेब होता हे विसरण्याचे कारण नाही. पण सायक्सला मोजण्याचा आनंदही होता, हे त्याच्या लिहिण्यावरून लपत नाही. तो वायुभारमापक घेऊन दख्खनभर हिंडला आणि दिवसाच्या निरनिराळ्या तासांना पाऱ्याची उंची टिपत राहिला. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला : दख्खनमधल्या हवेच्या भरती-ओहोटीविषयी.

होय, भरती-ओहोटीच. आपल्या उष्ण मुलखात हवेचा भार दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. वादळ नसेल तर हे वेळापत्रक रोजचे. युरोपात वाऱ्या-वादळांच्या धांदलीत ही लाट सहज दिसत नाही. आपल्याकडे मात्र ती एखाद्या शिस्तीच्या पोस्टमनासारखी येते. सायक्सने पुढे १८३८ साली आणखी एक निबंध लिहिला. पाऱ्याची तीन फुटी काचेची नळी प्रवासात फुटते. तेव्हा साधा उष्णतामापक उकळत्या पाण्यात धरून उंची काढावी, असा त्याचा सल्ला होता. वर जावे तसे पाणी कमी उष्णतेवर उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सियस. याच युक्तीने पुढे, १८६० च्या दशकात, पंडित नैनसिंग यांनी काठीत लपवलेल्या उष्णतामापकाच्या साहाय्याने तिबेटातल्या उंची मोजून आणल्या. चहाचे आधण ठेवून देशाची उंची मोजणारे ते थोर पुरुष!

फुटणाऱ्या नळीवरचा खरा उपाय फ्रान्समध्ये निघाला. ल्यूसियँ विदी याने १८४४ साली पाऱ्याला रजा दिली. त्याने पातळ धातूची एक चपटी डबी घेतली, आतली हवा काढून टाकली आणि झाकण कायमचे बंद केले. बाहेरची हवा जड झाली की डबी चेपते, हलकी झाली की फुगते. हे चेपणे-फुगणे केसाएवढे. पण तरफा आणि साखळी लावून ते काट्यापर्यंत पोचवता येते. आतून रिकामी असणे हेच तिचे सारे भांडवल. विमाने आली तेव्हा हीच डबी त्यांत जाऊन बसली.

पण विमानाला लागते तेवढे बारीक वाचन तिला जमत नव्हते. पहिल्या उंचीमापकांचा काटा सगळी उंची मिळून एकच फेरी घेई. शंभर फुटांचा फरक म्हणजे काट्याची जाडी. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या पॉल कोल्समनने १९२८ साली घड्याळाच्या चक्रांसारखी बारीक दातेरी चक्रे बसवून असा उंचीमापक केला, की त्याचा मोठा काटा दर हजार फुटांना एक पूर्ण फेरी घेई. शिवाय तबकडीत एक लहान खिडकी ठेवली आणि बाजूला एक कळ. त्या दिवशीच्या हवेचा भार रेडिओवर विचारून घ्यायचा आणि कळ फिरवून खिडकीत लावायचा. मठातला तो साधू असा अडीचशेहून अधिक वर्षांनी यंत्राच्या आत येऊन बसला! २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल याने आपल्या बैठकीवर आच्छादन ओढून, बाहेरचे काहीही न पाहता, नुसत्या यंत्रांच्या भरवशावर विमान उडवले आणि उतरवले. त्या यंत्रांत कोल्समनचा उंचीमापक होता.

मात्र एका सोयीने दुसरी अडचण आणली. मोठा काटा हजाराला एक फेरी घेतो, मग हजार किती झाले हे सांगायला दुसरा काटा हवा. दहा हजारांसाठी तिसरा. एकाच तबकडीवर तीन काटे, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगणारा काटा सर्वांत लहान. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन हवाईदलाच्या मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांना विचारून यंत्रवाचनातल्या चुका गोळा केल्या. १९४९ साली वॉल्टर ग्रेदर याने निरनिराळ्या तबकड्या वैमानिकांना दाखवून पाहिल्या. तीन काट्यांची तबकडी वाचायला सुमारे सात सेकंद लागत, आणि दहांत एकाहून अधिक वेळा हजार फुटांची किंवा त्याहून मोठी चूक होई. नुसते आकडे दाखवले तर दोन सेकंदांच्या आत काम होई आणि चूक क्वचितच.

असे असूनही तीन काटे विमानांत राहिले. १९५८ साली त्याची किंमत मोजावी लागली. २८ एप्रिलला स्कॉटलंडात एक व्हायकाउंट विमान जमिनीला भिडले. चालकांची समजूत अशी की आपण दहा हजार फूट अधिक वर आहोत. सुदैवाने त्यातले पाचही जण वाचले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, इंग्लंडच्या दक्षिणेला धुक्यात एक ब्रिटानिया विमान तशाच दहा हजारांच्या गैरसमजाने खाली आले. बारांपैकी नऊ माणसे गेली. यंत्र दोन्ही वेळा खरे बोलत होते. ऐकणाऱ्याला नीट ऐकू आले नव्हते.

हे सारे मी पुतणीला दोन संध्याकाळी सांगितले. ती म्हणाली, "मग झालं तर. आकड्यांचाच घ्यावा." मी म्हटले, थांब.

ग्लायडर म्हणजे व्हायकाउंट नव्हे. ते सहसा तीस-चाळीस हजार फुटांवर जात नाही. तिथे तीन काट्यांचा गोंधळ उरतच नाही. ग्लायडरमधला माणूस उंची वाचतो कमी, पाहतो जास्त. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून गाडी सुटायला वेळ आहे की नाही हे आपल्याला आकडा न वाचताच कळते. तसाच उतरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारा काट्याचा वेग 'आता वळ' असे सांगतो. आकडे उतरताना भराभर बदलतात, शेवटचा तर नुसता लुकलुकतो. ते वाचावे लागतात, आणि वाचण्यासाठी नजर बाहेरून आत आणावी लागते. शिवाय काट्याला वीज लागत नाही. भारनियमनाच्या गावात हयात काढलेल्या माणसापुढे बॅटरीची तारीफ कोणी करू नये. ग्लायडरमध्ये बॅटरी एक. रेडिओ तिच्यावर, इतर उपकरणे तिच्यावर, आणि आता उंचीही तिच्यावरच.

तिच्याजवळही उत्तरे होती. काट्याच्या यंत्रात चक्रे असतात आणि चक्रे घर्षणाने अडतात. इंजिनाच्या विमानात इंजिनाच्या थरथरीने काटा आपोआप सुटत राहतो. जेट विमाने आली आणि थरथर कमी झाली, तेव्हा उंचीमापकाला मुद्दाम हादरवणारे छोटे यंत्र जोडावे लागले. ग्लायडरला तर इंजिनच नाही. म्हणून ग्लायडरवाले काचेवर टिचकी मारून काट्याला जागे करतात. ज्या काट्याला टिचकी मारावी लागते त्याच्या भरवशावर विद्यार्थ्याला का बसवावे, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. डिजिटल यंत्रात सिलिकॉनची तांदळाच्या दाण्याएवढी चकती असते. तिच्यात चक्रे नाहीत, अडणे नाही. मी विचारले, त्या चकतीच्या पोटात काय असते? ती म्हणाली, एक बंद पोकळी, हवा काढून घेतलेली. वर पातळ पडदा. तो दबला की विजेचा प्रवाह बदलतो.

म्हणजे विदीचीच डबी. लहान झाली, काटा गेला, आकडे आले. पण आत तेच रिकामेपण. असली डबी आता पुष्कळशा मोबाइलांतही असते हे मला तिच्याकडूनच कळले. तिच्या मोबाइलात ती होतीच. तेव्हा आम्ही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी एक प्रयोग केला. जुना उंचीमापक आणि तिचा मोबाइल, दोघांना देवळीत शेजारी ठेवले. सकाळी दहाला दोन्ही गावाच्या उंचीला, म्हणजे साडेसहाशे मीटरच्या आसपास, जुळवून घेतले. मग त्यांना कोणी हात लावला नाही. आबा साधूच्या भूमिकेत समोर बसले.

दुपारी चारला मोबाइल म्हणाला, वाडा जवळजवळ तीस मीटर वर गेला आहे. काटा आधी वीसच म्हणत होता. टिचकी मारल्यावर दचकून तोही तिसाजवळ गेला. आकाश स्वच्छ, पान हलत नव्हते. सायक्सची ओहोटी आली होती. हवेचा भार साडेतीन मिलिबारांच्या आसपास उतरला होता; आपल्या पठारावर एक मिलिबार म्हणजे नऊ मीटर, हिशेब बरोबर बसला. आबांना मी हे समजावले. त्यांनी उठून वाड्याच्या पायरीकडे पाहिले, मग अंगणाकडे पाहिले, आणि म्हणाले, "मग रातच्याला खाली यील का?" रात्री दहाला वाडा खाली आला. आबा त्यासाठी जागे राहिले होते.

पुतणी त्या तीस मीटरकडे पाहत राहिली. सकाळी दहाला शून्य लावून उडालेला माणूस इथे दुपारी चारला परत आला, तर जमिनीला टेकला असतानाही दोन्ही यंत्रे त्याला तीस मीटर वर आहेस असे सांगतील. काट्याने आणि आकड्याने, सारख्याच आत्मविश्वासाने. आणि पठारावरचे ते शेत? तिथे आकड्यांचा उंचीमापक असता तर त्याने 'तीनशे' हा आकडा अधिक स्वच्छ अक्षरांत दाखवला असता, एवढेच. उपग्रहांवरून उंची सांगणारी यंत्रे आता आहेत, नकाशावरून खालच्या जमिनीची उंची वजा करणारीही आहेत. पण आकाशातली विमाने एकमेकांपासून खाली-वर अंतर राखतात ते आजही हवेच्या भाराच्या मापानेच.

"त्या दिवशी मला कोणी वाचवलं सांगू?" ती म्हणाली. "कपड्याच्या चिमट्यानं."

माझे मत मी ठाम दिले : पुढच्या बैठकीवर शिकणारा बसतो, त्याला काटाच द्या. काटा अडखळतो म्हणून शिकणारा त्याच्यावर पूर्ण विसंबत नाही आणि बाहेर पाहतो. आकडा इतका स्वच्छ असतो की त्याच्यावर शंका घेणे उद्धटपणाचे वाटते. हे थोडे मास्तरी तर्कट आहे, याची मला कल्पना आहे.

ती परत गेली. डिसेंबरात एका रविवारी तिचा फोन आला. क्लबाने माझ्या मताविरुद्ध निर्णय केला होता. पुढे आकड्यांचा, मागे शिक्षकांपुढे जुना काट्याचाच. कारण तिनेच मांडले होते : दोन्ही बैठकांवर एकाच जातीचे यंत्र असले तर दोन्ही एकाच प्रकारे चुकतील, एक विजेचे आणि एक विजेवाचूनचे असले तर दोघांत मतभेद होईल, आणि मतभेद झाला की पुढचा आणि मागचा, दोघेही बाहेर पाहतील. पेरियेचा डोंगर आणि मठ, दोन्ही तिने एका ग्लायडरात बसवले होते. मला हरल्याचे वाईट वाटायला हवे होते. ते वाटले नाही, पण मी तसे तिला सांगितले नाही. "ठीक आहे, बॅटरी भरून ठेवत जा," एवढेच म्हटले. आणखी एक नियम त्यांनी केला आहे : लांबच्या उड्डाणाला निघताना काटा मैदानाच्या शून्याला न लावता समुद्रसपाटीवरून लावायचा, आणि वाटेतल्या जमिनीची उंची नकाशातून कागदावर लिहून मांडीवर बांधायची.

जुना उंचीमापक देवळीत आहे. यंदाच्या दिवाळीला वहिनींनी देवळी सारवली तेव्हा तो उचलून बाजूला ठेवला, पुन्हा होता तिथे ठेवला आणि त्याच्या शेजारी एक पणती लावली. आबा रोज दुपारी चारच्या सुमारास येतात, काचेवर टिचकी मारतात, आणि घरात जो कोणी असेल त्याला ओरडून सांगतात की आज वाडा किती वर गेला.